प्रतिजैविक घेण्यापूर्वी, घेताना आणि घेतल्यानंतर: रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

माझी ७१ वर्षांची आई थंडी वाजून आलेल्या तापाने रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिची माहिती लिहून घेणाऱ्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला: गेल्या वर्षभरात यांना कोणकोणती प्रतिजैविके (अँटिबायोटिक औषधे) दिली आहेत? मला एकाही औषधाचे नाव सांगता आले नाही. पांढऱ्या, लांबट गोळ्या होत्या आणि त्या दिवसातून दोनदा घ्यायच्या होत्या, एवढेच आठवत होते. रात्री घरी येऊन औषधांचा डबा उघडला, तेव्हा त्यात प्रतिजैविकांच्या सात अर्धवट पट्ट्या निघाल्या. कुठे दोन गोळ्या उरलेल्या, कुठे पाच. तीन पट्ट्यांवरचा नावाचा भागच फाटून गेलेला. लघवीला जळजळ सुरू झाली की 'मागच्या वेळी लागू पडलेली' गोळी आम्ही याच डब्यातून काढत आलो होतो. तीन दिवसांनी लघवीच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधे आजमावण्याच्या तपासणीचा, अहवाल आला. त्यात अठरा औषधांची नावे होती आणि त्यांपैकी अकरा नावांपुढे 'आर' हे अक्षर होते, म्हणजे त्या औषधांना जिवाणू दाद देत नव्हता. तोंडाने घेता येईल असे योग्य औषध आईसाठी शिल्लक राहिले नव्हते; दहा दिवस शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली.

आई बरी झाली. त्या दहा दिवसांत आणि पुढच्या दीड वर्षात मी जे शिकले, ते कोणी आधी सांगितले असते तर त्या सात पट्ट्या साठल्याच नसत्या, असे मला मनापासून वाटते. मी डॉक्टर नाही. कोणते औषध घ्यावे हे या लेखात सांगितलेले नाही आणि ते कोणत्याही लेखावरून ठरवू नये. ज्यांच्या हातात पहिल्यांदाच औषधचिठ्ठी किंवा कल्चरचा अहवाल आला आहे, त्यांनी काय तयार ठेवावे, काय विचारावे आणि कुठे सावध राहावे, एवढेच येथे क्रमाने मांडले आहे. हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, जिवाणूंमुळे झाले आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये अशा संसर्गाचा वाटा होता, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात मांडला गेला आहे.

१. सुरुवातीला एक गैरसमज दूर करा

'माझ्या अंगाला आता ही गोळी लागू पडत नाही' असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात औषधाची सवय शरीराला होत नसते. औषधाला दाद न देण्याची क्षमता जिवाणूंमध्ये येते. काही जिवाणू औषधाचे तुकडे करणारी विकरे (एन्झाइम) तयार करतात, काही आत शिरलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटते ती जागाच बदलून टाकतात. ही क्षमता ज्या जनुकांमुळे येते ती जनुके अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर असतात, आणि हे प्लाझ्मिड एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडेही जाऊ शकते.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. आपण घशासाठी गोळी घेतली तरी ती फक्त घशात जात नाही. आतड्यात, त्वचेवर आणि मूत्रमार्गाच्या परिसरात राहणाऱ्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंवरही तिचा मारा होतो. त्यांतले दाद देणारे मरतात आणि न देणाऱ्यांना मोकळे रान मिळते. प्रतिजैविकाच्या एका कोर्सनंतर रोधी जिवाणू अंगावर बाळगण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वाधिक असते आणि हा परिणाम बारा महिन्यांपर्यंत टिकू शकतो. डॉक्टर 'गेल्या वर्षभरात' असे का विचारत होते, हे मला यावरून कळले. असे जिवाणू घरातल्या दुसऱ्या माणसापर्यंतही पोहोचू शकतात, त्यामुळे ज्याने ती गोळी कधी घेतलीच नाही त्यालाही औषधरोधी संसर्ग होऊ शकतो.

२. डॉक्टरांकडे जाताना जवळ काय असावे

तपासणीची वेळ थोडी असते, म्हणून पुढील गोष्टी आदल्या दिवशीच एका पाकिटात घालून ठेवाव्यात.

- गेल्या बारा महिन्यांत घेतलेल्या प्रतिजैविकांची यादी: नाव, मात्रा, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख. चिठ्ठी सापडत नसेल तर पट्टीचा किंवा बाटलीचा फोटो चालतो.
- पूर्वीचे सर्व कल्चर अहवाल. जुना आहे म्हणून एकही फेकू नये.
- सध्या चालू असलेल्या इतर औषधांची यादी. रक्त पातळ ठेवणाऱ्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या, फिट्सच्या गोळ्या आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्याही त्यात असाव्यात.
- मूत्रपिंडाच्या कार्याचा अलीकडचा अहवाल, विशेषतः रुग्ण वयस्कर असेल तर. अनेक प्रतिजैविकांची मात्रा त्यावरून ठरते.
- ॲलर्जीचा तपशील.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबावे लागेल. 'पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' अशी नोंद साधारण दहापैकी एका माणसाच्या कागदावर आढळते, परंतु रीतसर तपासणी केल्यावर त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पेनिसिलिन सुखरूप घेऊ शकतात, असे दिसून येते. ही नोंद चुकीची असेल तर रुग्णाला विनाकारण अधिक व्यापक मारा करणारे औषध दिले जाते. म्हणून नुसते 'ॲलर्जी आहे' असे सांगू नका. कोणत्या गोळीनंतर, किती वेळाने, नेमके काय झाले, ते सांगा. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, धाप लागणे हे वेगळे. मळमळ होणे वेगळे. किती वर्षांपूर्वी घडले, हेही महत्त्वाचे असते.

३. प्रतिजैविक लागतेच का, हे विचारा

सर्दी, फ्लू आणि खोकल्याचे बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते. तरीही आपण चौथ्या दिवशी धीर सोडतो, कारण असा आजार साधारण किती दिवस चालतो याचा अंदाज आपल्याला नसतो. म्हणून हे आकडे लक्षात ठेवा: घसादुखी साधारण एक आठवडा, सर्दी दीड आठवड्यापर्यंत, सायनसचा त्रास दोन ते तीन आठवडे, आणि सर्दीनंतरचा खोकला तब्बल तीन आठवडे राहू शकतो. दहाव्या दिवशी खोकला आहे याचा अर्थ आजार बिघडला असा होत नाही.

येथे एक नेहमीचा सापळा आहे. कफ पिवळा किंवा हिरवा झाला की जिवाणूसंसर्ग झाला, अशी पक्की समजूत असते. हा रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या विकरामुळे येतो आणि तो विषाणूच्या आजारातही दिसतो; नुसत्या रंगावरून काही ठरत नाही.

डॉक्टरांना पुढील प्रश्न विचारायला संकोच करू नका. हे प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही, असा माझा अनुभव आहे.

- हा आजार जिवाणूंचा आहे असे कशावरून वाटते?
- प्रतिजैविक घेतले नाही तर काय होईल? दोन दिवस थांबून पाहता येईल का?
- कोणती लक्षणे दिसली तर न थांबता परत यावे?
- औषध किती दिवस घ्यायचे आणि त्याहून कमी दिवस पुरतील का?

दुसऱ्या प्रश्नामुळे कधी कधी एक चांगला मार्ग निघतो: डॉक्टर चिठ्ठी देतात, पण ठरावीक दिवसांत बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला तरच औषध आणायला सांगतात. माझ्या भाचीचा कान दुखत होता तेव्हा आम्हाला अशीच चिठ्ठी मिळाली होती. वेदनाशामकावर ती तिसऱ्या दिवशी शांत झोपली आणि चिठ्ठी तशीच राहिली.

औषध कोणत्या गटातले आहे, हेही विचारता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले. पहिल्या गटात नेहमीच्या संसर्गासाठी आधी वापरायची औषधे येतात, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन. दुसऱ्या गटात जपून वापरायची औषधे आहेत. ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि सेफिक्झिम ही त्यांतलीच. तिसऱ्या गटात कोलिस्टिन, लिनेझोलिड यांसारखी, दुसरा उपाय उरत नाही तेव्हासाठी राखून ठेवलेली औषधे आहेत. माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या एकूण प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सप्टेंबर २०२४ मध्ये ठरले. आमच्या डब्यातल्या ज्या चार पट्ट्यांवर नाव शाबूत होते, त्यांतल्या तीन दुसऱ्या गटातल्या निघाल्या. 'भारी' औषध म्हणजे चांगले औषध, हा समज मी तेव्हा सोडून दिला.

मात्र थांबून पाहण्याचा हा सल्ला प्रत्येक आजाराला लागू नाही. ताप असताना माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, श्वास जोरजोराने घेऊ लागला, लघवी फारच कमी झाली, त्वचा निळसर किंवा चट्टेदार दिसू लागली, किंवा उठवूनही नीट जागे होत नसेल, तर तो सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) असू शकतो. तेथे एकेक तास मोलाचा असतो. ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि योग्य प्रतिजैविक लवकरात लवकर सुरू होऊ द्यावे. जबाबदारीने वापरणे म्हणजे गरज असताना वेळेवर वापरणेही आलेच.

४. नमुना पहिल्या डोसच्या आधी द्या

डॉक्टरांनी कल्चर सांगितले असेल तर नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसपूर्वी दिला गेला पाहिजे. एक डोस पोटात गेला तरी जिवाणू प्रयोगशाळेत वाढण्यापूर्वीच मरू शकतात. मग संसर्ग असूनही अहवाल कोरा येतो आणि पुढचा सगळा उपचार अंदाजावर चालतो. सेप्सिसची शंका असेल तेव्हा मात्र नमुन्यासाठी औषधाला उशीर होता कामा नये.

लघवीचा नमुना नीट घेणे ही साधी वाटणारी पण सर्वाधिक चुकणारी पायरी आहे. आधी हात धुवावेत आणि लघवीची जागा पाण्याने स्वच्छ करावी. सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक डबीत धरावी आणि शेवटची पुन्हा सोडून द्यावी. डबीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या आतून बोट लागू देऊ नये. डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. ते शक्य नसेल तर शीतकपाटात ठेवावी, पण चोवीस तासांच्या पुढे नाही. कारण खोलीच्या तापमानाला जिवाणू डबीतच वाढत राहतात आणि संख्या फुगते. रुग्णाला लघवीची नळी घातलेली असेल तर पिशवीत साठलेल्या लघवीचा नमुना कधीही देऊ नये. तो नळीवरच्या नमुना घेण्याच्या जागेतून परिचारिकेने काढायचा असतो.

अहवालाला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. जिवाणू वाढायला एक दिवस जातो आणि त्याच्यावर औषधे आजमावून पाहायला आणखी एक. तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने एक औषध सुरू करतात. अहवाल आल्यावर तो त्यांना दाखवणे ही आपली जबाबदारी असते. अनेक घरांत बरे वाटू लागले की अहवाल आणायलाच कोणी जात नाही, आणि त्यामुळे औषध अधिक नेमके करण्याची संधी निघून जाते.

५. अहवाल वाचायला शिका, पण त्यावरून स्वतः औषध निवडू नका

आईचा पहिला अहवाल हातात आला तेव्हा मी त्याच्याकडे गुणपत्रिकेसारखी पाहत होते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांनी तो माझ्यासमोर ठेवून बोटाने एकेक ओळ समजावली. त्याच क्रमाने सांगते.

सर्वांत वर नमुना कशाचा आणि कधी घेतला हे असते. ते आधी तपासा. त्याखाली वाढलेल्या जिवाणूचे नाव आणि त्यांची संख्या असते. लघवीत एका मिलिलिटरला एक लाख किंवा त्याहून अधिक ही संख्या परंपरेने संसर्गाची खूण मानली जाते, पण लक्षणे असतील तर कमी संख्याही महत्त्वाची ठरू शकते. तीन-चार प्रकारचे जिवाणू एकत्र वाढले, असे लिहिलेले असेल तर बहुधा नमुना दूषित झालेला असतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो.

त्यानंतर औषधांचा तक्ता येतो. 'एस' म्हणजे जिवाणू नेहमीच्या मात्रेला दाद देतो. 'आर' म्हणजे तो रोधी आहे, औषध उपयोगी पडण्याची शक्यता कमी. 'आय' या अक्षराचा अर्थ प्रयोगशाळा कोणते निकष वापरते त्यावर अवलंबून असतो. युरोपीय निकषांनुसार २०१९ पासून त्याचा अर्थ 'वाढीव मात्रेत उपयोगी' असा धरला जातो. म्हणून 'आय' दिसले की ते औषध बाद झाले असे मानू नये, डॉक्टरांना विचारावे. कधी शेरा म्हणून 'ईएसबीएल' असे लिहिलेले असते. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या कुळांतल्या बहुतेक औषधांचे तुकडे करणारे विकर तो जिवाणू तयार करतो, असा त्याचा अर्थ. आईच्या अहवालात हाच शेरा होता.

आता दोन सापळे. पहिला 'एमआयसी' या रकान्याचा. जिवाणूची वाढ रोखायला औषधाचे किमान किती प्रमाण लागते, तो हा आकडा. एका औषधापुढे ०.५ आणि दुसऱ्यापुढे ८ दिसले की पहिले औषध सोळापट चांगले, असा निष्कर्ष मी काढला होता. तो साफ चुकीचा होता. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असल्यामुळे दोन औषधांच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना होऊच शकत नाही. दुसरा सापळा 'एस'चा. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' असले तरी ते औषध मूत्राशयातल्या संसर्गापुरतेच उपयोगी असते. मूत्रपिंडात किंवा रक्तात त्याचे पुरेसे प्रमाण पोहोचत नाही. संसर्ग कुठे आहे, मूत्रपिंड कसे चालते, वय काय, आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे तक्त्यात नसते. ते डॉक्टरांच्या डोक्यात असते, आणि म्हणून निवड त्यांनीच करायची.

याच पायरीवर मी केलेली सर्वांत मोठी चूक सांगितली पाहिजे. रुग्णालयातून घरी आल्यावर आईला काहीही त्रास नसताना मी 'खात्री करण्यासाठी' दोनदा तिची लघवी तपासली. दोन्ही वेळा जिवाणू दिसले, दोन्ही वेळा मी घाबरून औषधासाठी हट्ट धरला, आणि तिला आणखी दोन कोर्स झाले. वयस्कर माणसांच्या लघवीत काहीही लक्षणे नसताना जिवाणू सापडणे अतिशय सामान्य आहे, आणि गर्भवती स्त्रिया किंवा मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांपूर्वीचे रुग्ण असे मोजके अपवाद वगळता त्यावर उपचार करायचा नसतो. लघवी गढूळ आहे किंवा तिला वास येतो, एवढ्यावरूनही नाही. मी आईवर उपचार करत नव्हते, कागदावर करत होते. वरचे अपवाद सोडले, तर लक्षणे नसताना तपासणीही करू नका.

६. डोस घेताना

लागणारे साहित्य थोडे आहे: गजर, मात्रा मोजण्याची सिरिंज आणि चिठ्ठीचा फोटो.

'दिवसातून तीनदा' याचा अर्थ शक्यतो आठ-आठ तासांच्या अंतराने असा होतो. एखादा डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्यावा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा. दोन डोस एकदम कधीही घेऊ नयेत.

कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची काही औषधे डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या औषधांना पोटातच बांधून ठेवतात आणि रक्तात कमी औषध जाते. त्यांच्यात किती तासांचे अंतर ठेवायचे, हे औषध घेतानाच विचारून पट्टीवर लिहून ठेवावे. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होऊ शकते. मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य वर्ज्य. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर बहुतेक प्रतिजैविकांबरोबर रक्ताची तपासणी अधिक वेळा करावी लागते.

मुलांचे औषध अनेकदा कोरड्या पावडरच्या रूपात येते. पाणी उकळून पूर्ण गार करून बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालावे, हलवून फेस बसू द्यावा, पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत भरावे. कमी पाणी पडले तर प्रत्येक डोस जास्त होतो, जास्त पडले तर कमी. प्रत्येक वेळी बाटली हलवून सिरिंजने मोजावे. स्वयंपाकघरातल्या चमच्यांची मापे एकसारखी नसतात. बाटलीवर लिहिलेले दिवस संपले की उरलेले औषध पुढच्या आजारासाठी ठेवू नये.

औषध चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत पाण्यासारखे जुलाब वारंवार होऊ लागले, त्यात रक्त दिसले किंवा ताप आला, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतः घेऊ नये. डॉक्टरांना प्रतिजैविकाचे नाव सांगून दाखवावे. नेहमीचे जिवाणू मेल्यावर आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू फोफावल्याची ती खूण असू शकते.

७. किती दिवस घ्यायचे

'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या मुळाशी एक जुना इशारा आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला आणि १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन घेतो, अपुऱ्या मात्रेत घेतो, त्याच्या घशातले जिवाणू रोधी होतात आणि ते त्याच्या पत्नीला लागतात. पत्नीला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिनने ती वाचत नाही. अपुऱ्या मात्रेबद्दलची ही भीती पुढे 'जितके अधिक दिवस तितके सुरक्षित' अशा समजुतीत बदलली. अलीकडच्या अनेक चाचण्यांनी ती समजूत खोडून काढली आहे. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाच्या साध्या न्यूमोनियाला अनेकदा पाच दिवस पुरतात, आणि स्त्रियांच्या मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला औषधानुसार एका डोसपासून पाच दिवसांपर्यंत. अधिक दिवस घेतल्याने शरीरातल्या इतर जिवाणूंवर विनाकारण दबाव येतो.

याचा अर्थ बरे वाटताच आपल्या मनाने गोळ्या थांबवाव्यात असा मुळीच नाही. स्ट्रेप्टोकॉकसमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गात संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांना होणारी इजा टाळण्यासाठी पेनिसिलिन दहा दिवस दिले जाते, आणि क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचाराला सहा महिने लागतात. तेथे मध्येच सोडणे घातक ठरते. दिवस डॉक्टरांनी ठरवावेत, आपण ते पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्यावेत, आणि लवकर बरे वाटले तर फोन करून 'आता थांबवता येईल का' असे विचारावे. आईच्या बाबतीत या एका फोनमुळे सात दिवसांचे औषध पाच दिवसांवर आले.

उलट ४८ ते ७२ तासांनंतरही ताप उतरला नाही किंवा त्रास वाढला, तर मात्रा वाढवणे किंवा दुसरी गोळी जोडणे हे उपाय घरी करू नयेत. निदान वेगळे असू शकते, जिवाणू रोधी असू शकतो, किंवा कुठेतरी पू साठलेला असू शकतो, जो काढल्याशिवाय कोणतेही औषध पुरेसे पडत नाही.

८. उरलेल्या गोळ्या

घरात ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका, शौचकुपात किंवा मोरीत टाकू नका. पाण्यात गेलेले प्रतिजैविक तिथल्या जिवाणूंवरही तसाच दबाव आणते. औषध विक्रेता किंवा रुग्णालय परत घेत असेल तर तेथे द्या. पट्टी नेहमी अशा बाजूने फोडा की नाव आणि मुदतीची तारीख शेवटपर्यंत वाचता येईल.

९. पुढचा संसर्ग टाळण्यासाठी

हात साबणाने धुणे आणि वेळेवर लसी घेणे यांनी प्रतिजैविकांची गरजच कमी होते. न्यूमोकॉकसची लस थेट जिवाणूपासून वाचवते, तर फ्लूची लस अशा तापापासून, ज्यात प्रतिजैविक उगाचच दिले जाण्याची शक्यता असते. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांनी योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. आईला त्याचा उपयोग झाला, आणि त्याआधी दोन वर्षे मला त्याचे नावही ठाऊक नव्हते. लघवीची नळी असेल तर ती अजून लागते का, हे रोज विचारावे.

१०. नोंदवही ठेवा

एक साधी वही पुरते. प्रत्येक कोर्सला एक पान द्यावे आणि त्यावर इतकेच लिहावे: लक्षणे कधी आणि कोणती सुरू झाली, नमुना कोणता आणि कधी दिला, औषधाचे मूळ नाव, कारण एकाच औषधाची व्यापारी नावे अनेक असतात, मात्रा आणि वेळा, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, चुकलेले डोस, झालेला त्रास, कल्चरचा निकाल. अहवालाची प्रत त्याच पानाला टाचावी. मूळ नाव पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेले असते, ते भिंग घेऊन का होईना पण वाचून लिहावे.

आईला या वर्षी पुन्हा जळजळ आणि ताप सुरू झाला, तेव्हा मी वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मागची तीन पाने उलटली, एका नावावर बोट ठेवले आणि हे औषध यांना सहा महिन्यांपूर्वीच झाले आहे, त्या वेळच्या जिवाणूवर ते 'आर' होते, तेव्हा दुसरे देऊ या, असे म्हणाले. आधी नमुना घेतला, मग पहिली गोळी दिली. तिसऱ्या दिवशी आलेल्या अहवालात त्या दुसऱ्या औषधापुढे 'एस' होते, आणि ते पानही आता वहीत टाचलेले आहे.